जुने प्लॅटफॉर्म गेम, नवी आवृत्ती: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नव्वदच्या दशकातले उड्या मारायचे गेम आता चकचकीत रूपात मिळतात. नवा खेळाडू हौसेने विकत घेतो, पहिल्या दोन लेव्हल मजेत पार करतो आणि तिसऱ्या-चौथ्या लेव्हलमध्ये एकाच खड्ड्यात वीसदा पडून कंट्रोलर ठेवून देतो. दोष बहुतेक वेळा त्याच्या हाताचा नसतो. चित्र नवं असलं तरी नियम जुनेच असतात, किंवा त्याहून त्रासदायक म्हणजे अर्धे जुने आणि अर्धे नवे असतात. वर टीव्ही, कंट्रोलर आणि मेनूतली एखादी चुकीची सेटिंग यांची भर पडते. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने केल्या तर निम्मा त्रास गेम सुरू होण्याआधीच संपतो.

## काय काय लागेल

- कन्सोल किंवा पीसी. पीसीवर अनेक रिमास्टर सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतात, कन्सोलवर तोच गेम ३० फ्रेमवर अडकलेला असू शकतो.
- चांगला डी-पॅड (चार दिशांचं अधिकचिन्हासारखं बटण) असलेला कंट्रोलर. कीबोर्डवर टू-डी गेम निभतात, थ्री-डी गेम नाही.
- कंट्रोलरची यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी.
- ‘गेम मोड’ असलेला टीव्ही किंवा साधा मॉनिटर.
- मोकळी जागा. मूळ गेम एका सीडीत मावत होता, पण तसल्या तीन गेमचा रिमेक ३० जीबीच्या घरात जातो.
- पहिल्यांदा अपडेट उतरवायला इंटरनेट. डिस्क असली तरी लागतं, कारण खाली पायरी ३ मध्ये आहे.

## १. हातात आलंय ते नेमकं काय, हे ओळखा

दुकानात सगळ्यांवर ‘रिमास्टर’ असंच लिहिलेलं असतं. आत मात्र तीन वेगळे प्रकार निघतात आणि प्रत्येकात अडचणी वेगळ्या.

पोर्ट किंवा संग्रह. मूळ गेम जसाच्या तसा, बहुतेकदा एम्युलेटरवर (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवलेला. भोवती मेनू, कधी सेव्ह-स्टेट (खेळ त्या क्षणी गोठवून ठेवायची सोय), कधी रिवाइंड. ‘मेगा मॅन लेगसी कलेक्शन’ किंवा ‘सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स’ या जातीतले. इथे गेमचा स्वभाव बदललेला नसतो, त्यामुळे जुनी गाईड आणि नकाशे बहुतांशी लागू पडतात. बहुतांशी म्हणायचं कारण असं: ३डी ऑल-स्टार्समधला मारिओ ६४ हा जपानमध्ये नंतर निघालेल्या शिंदो आवृत्तीवर बेतलेला आहे. त्यामुळे उलट्या लांब उडीने जिना ओलांडायची प्रसिद्ध युक्ती त्यात चालतच नाही. व्हिडिओत बघून तासभर खटपट करू नका.

खरा रिमास्टर. आतलं इंजिन जुनं, वरचं चित्र नवं. २०२४ मध्ये आलेला ‘टूम रेडर १–३ रिमास्टर्ड’ याचं चांगलं उदाहरण. एक बटण दाबलं की जुनं चित्र, परत दाबलं की नवं. ‘वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप’ (२०१७) तर याच्याही पुढे जातो. चित्र आणि संगीत वेगवेगळं बदलता येतं आणि १९८९ च्या मूळ गेमचे पासवर्डही चालतात.

रिमेक. सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधलेलं. ‘क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलजी’ (पीएस४ वर २०१७, बाकी ठिकाणी २०१८) आणि ‘स्पायरो रीइग्नायटेड ट्रिलजी’ (२०१८) हे दोन्ही खरं तर रिमेक आहेत. खरं घोडं इथे अडतं. लेव्हलचा आराखडा जुना, पण पात्राची उडी, वजन आणि पाय टेकायची जागा नव्याने लिहिलेली. दिसतं तेच, वागतं वेगळं.

असं व्हायला रिमेकच लागतो असंही नाही. १९९३ च्या ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’मध्ये पहिल्या मारिओचं चित्र सुधारलं, पण त्या नादात विटेचं गणित बदललं. मूळ गेममध्ये वीट फुटली की मारिओ लगेच खाली येतो, ऑल-स्टार्समध्ये तो वीट फोडून तसाच वर जात राहतो. वर शत्रू असला तर हा फरक जीवावर बेततो.

## २. सुरुवात कुठून करायची

ज्याने या प्रकारचं काहीच खेळलेलं नाही त्याने क्रॅशपासून सुरुवात करू नये. लोक नेमकं तेच करतात, कारण नाव ओळखीचं असतं. तीन क्रॅश गेममधला पहिला सर्वांत कठीण आहे आणि मेनूत तोच आधी दिसतो.

स्पायरोचा पहिला भाग सर्वांत मवाळ. मैदानं मोकळी, खड्डे कमी, आणि पडलात तरी फारसं नुकसान नाही. तुमच्या तब्येतीचा मीटर म्हणजे सोबत उडणारा स्पार्क्स: सोनेरी म्हणजे पूर्ण, मग निळा, मग हिरवा, आणि दिसेनासा झाला की पुढचा फटका शेवटचा. मेंढ्यांना जाळलं की फुलपाखरं निघतात, ती त्याने खाल्ली की रंग परत येतो. एवढं कळलं की पहिला भाग पार पडतो.

टू-डीची ओढ असेल तर ‘सॉनिक ओरिजिन्स’ (२०२२) घ्या आणि ‘ॲनिव्हर्सरी’ मोड निवडा. त्यात जीव अमर्याद, चित्र रुंद. ‘क्लासिक’ मोडमध्ये जीव मोजके आणि चित्र ४:३. क्लासिक नंतर खेळा, अभिमानाचा प्रश्न करू नका.

क्रॅशच घ्यायचा असेल तर तिसऱ्या भागापासून, म्हणजे ‘वॉर्प्ड’पासून सुरू करा, मग दुसरा, शेवटी पहिला. तिन्ही पहिल्यापासून उघडे असतात. कथेचं काही बिघडत नाही, कथा नावापुरतीच आहे.

## ३. विकत घेण्याआधी

डिस्क घेतली म्हणजे गेम पूर्ण आला असं धरू नका. स्पायरो रीइग्नायटेडच्या डिस्कवर तिन्ही भाग पूर्ण नव्हते, उरलेलं डाउनलोड करावं लागतं. काही खोक्यांत तर डिस्क किंवा कार्ड नसतंच, नुसता कोड असतो. खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा: ‘डाउनलोड आवश्यक’ असं कुठेतरी लिहिलेलं असतं.

डिजिटल गेम दुकानातून नाहीसे होतात, हेही लक्षात असू द्या. ‘डकटेल्स रिमास्टर्ड’ ऑगस्ट २०१९ मध्ये विक्रीतून काढला गेला आणि मार्च २०२० मध्ये परत आला. ३डी ऑल-स्टार्सची विक्री तर १८ सप्टेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ एवढीच होती. सॉनिक ओरिजिन्स येण्याच्या तोंडावर सेगाने त्यातले जुने सॉनिक गेम बऱ्याच डिजिटल दुकानांतून उतरवले. विकत घेतलेला गेम तुमच्या खात्यात राहतो. नंतर बघू म्हणून टाळलेला राहत नाही.

पीसीवर स्टीमवरून घेतला तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास प्रास्ताविक बघण्यात घालवू नका. आधी कंट्रोलर ओळखला जातो का, ६० फ्रेम टिकतात का, चित्र फाटतं का, एवढं तपासा.

## ४. टीव्ही आधी ताळ्यावर आणा

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात आणि इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

मूळ गेम ट्यूबच्या टीव्हीवर खेळले जायचे. त्या टीव्हीत आलेलं चित्र लगेच पडद्यावर उमटायचं. आजचा टीव्ही प्रत्येक फ्रेम आधी साठवतो, तिच्यावर रंगरंगोटी करतो आणि मग दाखवतो. साध्या ‘सिनेमा’ किंवा ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये हा उशीर १०० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे पडद्यावर जे दिसतंय ते सहा फ्रेम जुनं. धावता सॉनिक तेवढ्यात काट्यांवर पोचलेला असतो. गेम मोडमध्ये हाच उशीर १०–२० मिलिसेकंदांवर येतो.

1. ज्या एचडीएमआय पोर्टला कन्सोल जोडलाय तो निवडून मग गेम मोड चालू करा. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग पोर्टनिहाय असते. एका पोर्टवर केलेली दुसऱ्यावर लागू होत नाही.
2. ‘मोशन स्मूदिंग’ किंवा त्याच अर्थाचं जे काही नाव असेल ते बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतः रचतं, म्हणून पुढच्या फ्रेमची वाट बघत थांबतं.
3. ‘ओव्हरस्कॅन’ (कडा कापून चित्र मोठं करणं) बंद करा, चित्राचा आकार ‘जसाच्या तसा’ ठेवा. नाहीतर कडेचे जीव आणि पेट्यांचा आकडा कापला जातो.
4. कन्सोल थेट टीव्हीला जोडा. मध्ये साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर असला की आवाज मागे पडतो, कधी चित्रही. उडीचा आवाज उशिरा आला की हात नकळत तालाबाहेर जातो.

एक सापळा: मॉनिटरच्या खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ हा पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ आहे. बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर ही वेगळी गोष्ट आणि ती खोक्यावर सहसा नसते.

पीसीवर चित्र फाटत असेल म्हणून व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या तालावर आणणारी सेटिंग) लावला तर उशीर थोडा वाढतो. मॉनिटरला बदलता रिफ्रेश रेट असेल तर तो वापरा, नसेल तर व्ही-सिंक राहू द्या. फाटक्या चित्रापेक्षा एका फ्रेमचा उशीर बरा, निदान या प्रकारच्या गेममध्ये तरी.

## ५. कंट्रोलर

शक्यतो केबलने जोडा. फक्त एक गोष्ट पाहा: काही कंट्रोलर केबल लावली तरी डेटा ब्लूटूथनेच पाठवत राहतात आणि केबल नुसती चार्ज करते. कन्सोलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी केबलने संपर्क’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो निवडा.

टू-डी गेमला डी-पॅड. यात चर्चा नाही. ॲनालॉग स्टिक किंचित तिरपी गेली की ‘पुढे’ऐवजी ‘पुढे-खाली’ जातं.

थ्री-डीला स्टिक, पण क्रॅशला अपवाद. पहिला क्रॅश १९९६ चा, स्टिकवाला ड्युअलशॉक कंट्रोलर यायच्या आधीचा. त्याच्या लेव्हल म्हणजे अरुंद बोळ: सरळ पुढे, सरळ मागे किंवा सरळ आडवं. ‘रोड टू नोव्हेअर’ आणि ‘द हाय रोड’ या पुलांच्या लेव्हलमध्ये डी-पॅडवर अंगठा ठेवा. पुढे म्हणजे अगदी सरळ पुढे, एक अंशही इकडेतिकडे नाही. मोकळ्या जागी परत स्टिकवर या. दोन्ही कायम चालू असतात, मेनूत जायची गरज नाही.

स्टिकला हात न लावता पात्र हळूच सरकत असेल तर ‘डेड झोन’ (स्टिकची जेवढी हालचाल गेम मोजत नाही तो भाग) वाढवा. फार वाढवलात तर हळू चालणं जमेनासं होतं, तेव्हा थोडं थोडं करून पाहा.

## ६. मेनूत आधी जाऊन या

खेळ सुरू करायच्या आधी पाच मिनिटं सेटिंगमध्ये घालवा.

चित्राचा आकार. जुने गेम ४:३ चे. १९२०×१०८० च्या पडद्यावर ४:३ चित्र १४४०×१०८० होतं आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे काळे पट्टे राहतात. पट्टे खुपतात म्हणून ‘स्ट्रेच’ करू नका. सॉनिक अंडाकृती होतो आणि उडीचा आडवा अंदाज चुकतो, कारण आडवं अंतर तीनच्या जागी चार दिसतं.

‘पूर्णांक पट’ किंवा ‘पिक्सेल परफेक्ट’ असा पर्याय असेल तर त्याचा हिशोब असा: मेगा ड्राइव्हचं (सेगाच्या जुन्या कन्सोलचं) चित्र ३२०×२२४ पिक्सेलचं. चौपट केलं की उंची ८९६, पाचपट केलं की ११२०, जे १०८० मध्ये मावत नाही. म्हणून वरखालीही पट्टे येतात. ४के पडद्यावर नऊपट करून २०१६ होतात, तिथे पट्टा नावालाच उरतो. पूर्णांक पट नको असेल तर सौम्य फिल्टर लावा, नाहीतर पडदा सरकताना पिक्सेल वळवळतात.

सीआरटी फिल्टर, म्हणजे चित्र जुन्या ट्यूबच्या टीव्हीसारखं दाखवणारा. हा केवळ जुन्या आठवणींचा शौक नाही. पहिल्या सॉनिकच्या ग्रीन हिल झोनमधला धबधबा जवळून बघा: उभ्या पट्ट्या, एक आड एक. जुन्या कॉम्पोझिट केबलमधून त्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक दिसायचं. आजच्या काटेकोर पडद्यावर तिथे जाळी दिसते. फिल्टर लावला की पाणी परत येतं. मात्र जाड रेघांचा फिल्टर चित्र काळवंडवतो, तेव्हा सर्वांत हलका निवडा.

कॅमेरा. स्पायरोत ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘पॅसिव्ह’ असे दोन. नवख्याने ॲक्टिव्ह घ्यावा, तो पाठीमागे आपोआप वळतो. मारिओ ६४ चा कॅमेरा हा वेगळाच प्राणी. मूळ कंट्रोलरवर त्याला चार बटणं होती, म्हणून उजवी स्टिक फिरवली तरी तो सलग न वळता टप्प्याटप्प्याने उडी घेतो. तो बिघडलेला नाही. उडी मारण्याआधी कॅमेरा लावा, हवेत असताना नाही.

नियंत्रणं. टूम रेडरमध्ये ‘टँक’ आणि ‘मॉडर्न’ असे दोन प्रकार. मॉडर्न सोपा वाटतो, आणि सगळे तोच ठेवतात. तसं करू नका, कारण पुढच्या पायरीत येतं. डकटेल्समध्ये ‘हार्ड पोगो’ नावाचा पर्याय आहे. चालू केला की १९८९ च्या गेमसारखं खाली आणि बटण एकत्र दाबावं लागतं, बंद असेल तर नुसतं बटण पुरतं. बंदच ठेवा.

सबटायटल आणि अपडेट. स्पायरो रीइग्नायटेड आला तेव्हा त्यात सबटायटल नव्हती, नंतरच्या अपडेटने आली. मोशन ब्लर बंद करायची सोयही तशीच नंतरची. डिस्कवरून अपडेटविना खेळाल तर हे पर्याय मेनूत दिसणारच नाहीत. त्याच मेनूत मूळ संगीत लावायची सोय आहे, ते लावून पाहा. नवं संगीत वाईट नाही, जुनं अधिक चांगलं आहे.

## ७. उडी नव्याने शिका

पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीला, जिथे शत्रू नाहीत, तिथे दहा मिनिटं थांबा आणि या चार गोष्टी करून पाहा.

बटण किती वेळ दाबायचं. जवळजवळ सगळ्या प्लॅटफॉर्म गेममध्ये बटण टिचकीसारखं दाबलं की छोटी उडी, दाबून धरलं की मोठी. नवे खेळाडू सगळ्या उड्या पूर्ण मारतात आणि पलीकडच्या काठावरून पुढे जातात. फळ्या छोट्या असतील तिथे छोटी उडी.

हवेत किती वळता येतं. मारिओ हवेत थोडा मागे येतो, सॉनिक बराच वळतो, जुन्या शैलीतली लारा क्रॉफ्ट (टूम रेडरची नायिका) अजिबात वळत नाही.

सावली. थ्री-डीत पात्राकडे बघून उतरायचं नसतं, त्याच्या सावलीकडे बघून उतरायचं. सावली पायाखालच्या जागेवर पडते आणि ती नेमकी पात्राच्या खाली असते, उजेड कुठूनही येवो. सावली फळीवर आहे म्हणजे तुम्ही फळीवर आहात. एवढ्या एका सवयीने अर्धे मृत्यू टळतात.

काठ. क्रॅशच्या रिमेकबद्दल सगळ्यात जास्त तक्रार होते ती इथे. रिमेकमध्ये क्रॅशभोवतीचा टक्कर ओळखणारा आकार खाली गोल आहे, औषधाच्या कॅप्सूलसारखा. मूळ गेममध्ये पायाचं टोक टेकलं तरी तो उभा राहायचा. आता गोल भाग काठावर टेकला की घसरून खाली जातो. शिवाय तिन्ही भागांत उडी ‘वॉर्प्ड’वरून घेतलेली आहे, त्यामुळे पहिल्या भागात तो मूळपेक्षा वेगाने खाली येतो, पण लेव्हलमधली अंतरं मात्र १९९६ चीच. म्हणून:

- काठावरून उडी घ्या, पण काठावर उतरू नका. फळीच्या मध्यावर उतरायचं धरून चला.
- बटण उडीच्या माथ्यापर्यंत दाबून धरा. लवकर सोडलं तर पलीकडे पोचतच नाही.
- कासवावर किंवा पेटीवर उसळताना टेकायच्या क्षणी बटण दाबलेलं असू द्या. उसळी उंच मिळते.
- दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात घसरून लगेच उडी मारली की ती लांब आणि उंच जाते, बसून मारली की सरळ उंच. पहिल्या भागात घसरणं नाहीच, तिथे ही सवय घेऊन जाऊ नका.
- ‘द हाय रोड’च्या पुलावर फळ्या अंगावर येत असतील तर बाजूच्या दोरावर उडी मारून दोरावरूनच चालत जाता येतं. मूळ गेममध्ये होतं, रिमेकमध्येही चालतं. डी-पॅड लागेलच. लबाडी वाटत असेल तर फळ्यांवरून जा.

टूम रेडरचं चौकोनी गणित. हा गेम अंदाजाने खेळायचा नाही, मोजून खेळायचा. सगळं जग सारख्या चौकोनांचं आहे. उभ्याने उडी एक चौकोन ओलांडते, उभ्याने उडी मारून काठ पकडला तर दोन. धावत उडी दोन, धावत उडी आणि काठ पकडणं मिळून तीन. खड्डा तीन चौकोनांचा असेल तर असं करा:

1. टँक नियंत्रण चालू ठेवा. चालण्याचं बटण दाबून धरून काठापर्यंत जा. चालताना लारा काठावरून पडत नाही, आपोआप थांबते.
2. चालण्याचं बटण सोडा आणि एकदा मागे दाबा. ती मागे एक उडी घेते. धावायला नेमकी तेवढीच जागा लागते.
3. पुढे दाबून धावायला लागा आणि लगेच उडीचं बटण दाबून धरा. ती काठाच्या शेवटच्या पावलावर स्वतःच उडते.
4. हवेत असताना ॲक्शन बटण दाबून धरा, ती काठ पकडते. वर चढेपर्यंत सोडू नका.

मॉडर्न नियंत्रणात मागची ती एक मोजकी उडी सरळ येत नाही आणि हे सगळं गणितच कोसळतं. म्हणून टँक. तासभर हात अवघडतो, मग बसतो.

## ८. सेव्ह, जीव आणि रिवाइंड

इथे आवृत्तीनुसार नियम बदलतात आणि माणसं मेहनत वाया घालवतात.

क्रॅशच्या रिमेकमध्ये लेव्हल संपली की आपोआप सेव्ह होतं. मूळ पहिल्या भागात सहसा बोनस फेरी पार केल्याशिवाय सेव्ह करता येत नव्हतं, तो जाच गेला. पण चेकपॉइंट लेव्हलपुरताच. सगळे जीव संपले की लेव्हल पहिल्यापासून. म्हणून कठीण लेव्हलला दोन-तीन जीवांवर जाऊ नका. आधी सोप्या लेव्हलमध्ये फेरी मारा, शंभर वुम्पा फळांना एक जीव मिळतो. वारंवार मेलात तर गेम स्वतःहून फटका झेलणारा मुखवटा देतो, तो निमूट घ्या.

बँजो-कझूईच्या मूळ १९९८ च्या गेममध्ये मेलं किंवा जग (लेव्हल) सोडलं की गोळा केलेले सूर (संगीताच्या खुणा) पुन्हा पहिल्यापासून. २००८ च्या एक्सबॉक्स आवृत्तीत, आणि म्हणून ‘रेअर रीप्ले’ या संग्रहामध्येही, घेतलेला सूर कायम राहतो. जुनी गाईड वाचून एका दमात शंभर सूर घ्यायची धडपड तिथे करू नका.

संग्रहांमध्ये दोन प्रकारचे सेव्ह असतात: गेमचा स्वतःचा आणि एम्युलेटरची सेव्ह-स्टेट. गेममध्ये सेव्ह करून बाहेर पडलात आणि दुसऱ्या दिवशी कालची जुनी स्टेट उघडली, तर गेम त्या जुन्या क्षणावर जातो आणि पुढे गेमचा सेव्हही त्यावरूनच लिहिला जातो. दोनांतलं एकच वापरा. स्टेट वापरत असाल तर हवेत, पाण्यात किंवा शत्रूच्या अंगावर असताना करू नका, आणि निदान दोन जागा आलटून पालटून वापरा. टूम रेडरलाही हेच लागू. कुठेही सेव्ह करता येतं, म्हणजे पडता पडताही होतं.

रिवाइंड वापरावा का? वापरा, पण एकाच उडीसाठी पाचदा मागे जावं लागलं तर थांबा. ती उडी तुम्हाला येत नाहीये आणि पुढे तशाच तीन आहेत.

## ९. शंभर टक्क्यांच्या मागे पहिल्या फेरीत लागू नका

बरेच गेम मुद्दाम असे रचलेत की पहिल्या फेरीत सगळं मिळूच नये.

क्रॅशच्या पहिल्या भागात सर्व पेट्या फोडल्या की रत्न मिळतं. पण काही पेट्यांकडे जाणारी वाट नंतरच्या लेव्हलमधल्या रंगीत रत्नाशिवाय उघडत नाही. लेव्हल संपल्यावर ‘इतक्या पेट्या राहिल्या’ असं दिसलं की ताबडतोब परत शिरू नका. रंगीत रत्नासाठी त्या लेव्हलमध्ये एकदाही मरायचं नसतं. साध्या रत्नासाठी रिमेकने ही अट काढली आहे, चेकपॉइंटवरून पुढे गेलं तरी चालतं. घड्याळाच्या शर्यती तर शेवटीच. ‘वॉर्प्ड’मध्ये कॉर्टेक्सला (शेवटच्या खलनायकाला) हरवल्यावर वेगाने धावायची शक्ती मिळते, ती मिळाल्याशिवाय शर्यती खेळणं म्हणजे फुकटची दमछाक.

स्पायरोच्या दुसऱ्या भागात मनीबॅग्ज नावाचं अस्वल रत्नं घेऊन कौशल्यं विकतं: समर फॉरेस्टमध्ये पोहणं ५०० ला, ऑटम प्लेन्समध्ये चढणं ५०० ला, विंटर टुंड्रामध्ये डोक्याने आपटणं १००० ला. आधीच्या लेव्हलमध्ये शिडीसारखी भिंत दिसली आणि चढता येत नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, परत यायचं आहे. राहिलेलं रत्न सापडत नसेल तर डावी स्टिक दाबा, स्पार्क्स जवळच्या रत्नाकडे बोट दाखवतो.

मारिओ ६४ मध्ये १२० तारे आहेत, बाउझर या खलनायकाशी शेवटच्या लढतीपर्यंत जायला ७० पुरतात. सत्तरवर गेम संपवा, मग उरलेल्या पन्नासांचं बघा.

## १०. अडलात तर

उडी दाबली तरी उशिरा होते. आधी गेम मोड बरोबर पोर्टवर आहे का बघा, मग केबल, मग साउंडबार. एवढं करूनही जड वाटत असेल तर गेम ३० फ्रेमचा आहे. क्रॅशच्या पीएस४ आवृत्तीचं हे असंच आहे. टूम रेडरमध्ये जुनं चित्र लावलं की ३० फ्रेम, नवं लावलं की ६०. म्हणजे अवघड उडीच्या वेळी नव्या चित्रावर या.

खोल्या इतक्या काळोख्या की काही दिसत नाही. टूम रेडरच्या नव्या चित्रात काही जागी असं होतं. बटण दाबून जुन्या चित्रावर जा, किल्ली किंवा दार शोधा, परत या.

सन्शाइनमध्ये (३डी ऑल-स्टार्समधला आणखी एक मारिओ गेम) धावता धावता पाणी मारता येत नाही. मूळ गेमक्यूबच्या ट्रिगरला हलकं दाबणं आणि पूर्ण दाबणं असे दोन अर्थ होते. स्विचच्या ट्रिगरला हलकं दाबणं कळत नाही, म्हणून ती दोन कामं दोन बटणांवर वाटली आहेत. एका बटणाने मारिओ थांबत असेल तर शेजारचं दाबा. अपडेटनंतर टीव्हीवर गेमक्यूबचा कंट्रोलरही चालतो.

सॉनिक सारखा काट्यांवर आपटतो. उजवीकडचं बटण कायम दाबून धरलंय का? पहिल्यांदा लेव्हल बघत जा, वेग नंतर. अंगावर एक जरी कडं असलं तरी फटका झेलता येतो, तेव्हा आपटल्यावर विखुरलेल्या सगळ्या कड्यांमागे धावू नका, जवळचं एक उचला आणि निघा. चढावर अडलात तर उडी मारून हवेतच बटण परत दाबून धरा, टेकल्याबरोबर सॉनिक सुसाट सुटतो. हा ड्रॉप डॅश, ओरिजिन्सच्या ॲनिव्हर्सरी मोडमध्ये चालतो.

पीसीवर कंट्रोलर दोनदा ओळखला जातो, एक दाबलं की दोन उड्या. स्टीमचं स्वतःचं कंट्रोलर रूपांतर आणि गेमची अंगभूत सोय दोन्ही चालू आहेत. त्या गेमच्या गुणधर्मांत जाऊन स्टीम इनपुट बंद करा आणि गेम पुन्हा सुरू करा.

व्हिडिओतली युक्ती जमत नाही. व्हिडिओ कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा. मूळ क्रॅशवरचा व्हिडिओ बघून रिमेकमध्ये काठावर उतरायला गेलात तर दरवेळी घसरणारच. शोधताना गेमच्या नावासोबत आवृत्तीचं पूर्ण नाव लिहा.